चौथ्या खिडकीचा चार्ज

रविवारी एकादशी होती, म्हणून सत्यजितला साबुदाण्याची खिचडी मिळाली. तो माझ्या नवऱ्याच्या, धीरजच्या ऑफिसातला, इथे जपानात, नागोयात एकटाच राहतो. ड्रिल मशीन घेऊन आला आणि दारातच बूट काढता काढता म्हणाला, "वहिनी, उपास तुमचे आणि पुण्य माझं. असंच चालू राहू दे."

"आधी काम," धीरज म्हणाला.

काम बाबांच्या खोलीत होतं. बाबा म्हणजे धीरजचे वडील, लक्ष्मीकांत. रेल्वेत स्टेशन मास्तर होते, शेवटची बरीच वर्षं दौंडला. सासूबाई गेल्यानंतर आम्ही त्यांना इकडे आणलं. घरात लहान नातवंड असेल तर धीरजसारख्यांच्या आईवडिलांना इथे राहायची परवानगी मिळते, तेव्हा कागदोपत्री बाबा नात सांभाळायला आले आहेत. आर्या पाच वर्षांची आहे. कोण कोणाला सांभाळतं ते कागदाला कळत नाही.

आले तेव्हा फक्त चष्मा विसरायचे. मग दिवस विसरायला लागले, मग माणसं. उन्हाळ्यात एकदा पुढच्या दाराने बाहेर पडले आणि दुपारभर सापडले नाहीत. शेवटी पोलीस चौकीतून फोन आला. चौकीतल्या मुलाने त्यांना थंड चहा दिला होता आणि ते त्याला खुर्ची नीट मांडायला सांगत होते. त्या दिवशी घरी आल्यावर धीरजने पुढच्या दाराची कडी दोनदा तपासली. मग म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मी त्यांचं परतीचं तिकीट काढणार. आता मला हे झेपत नाही."

पुण्यात त्याच्या बहिणीने, कादंबरीने, एक संस्था बघून ठेवली होती. नर्स आहेत, बाग आहे, स्वच्छ आहे. ती मला फोनवर म्हणाली, "वहिनी, तुलाही जरा पाठ टेकता येईल गं." ती वाईट मनाने नाही म्हणाली. मलाच त्या शब्दांची इतकी ओढ वाटली की फोन ठेवून मी देवापुढे जाऊन बसले. तिथेही काही मागितलं नाही. काय मागावं तेच कळेना.

तर तिकिटाच्या आधी एक उपाय करून बघायचा, म्हणून हा कॅमेरा.

आमच्या भाड्याच्या घरावर आधीपासून चार कॅमेरे आहेत. जुन्या पद्धतीचे, जाड काळ्या तारेने रेकॉर्डरला जोडलेले. रेकॉर्डर आणि त्याचा छोटा पडदा बाबांच्या तातामीच्या, म्हणजे जाड चटया अंथरलेल्या खोलीतच, भिंतीतल्या कपाटात. पडद्यावर चार खिडक्या दिसतात. पुढचं दार, गाडीची जागा, बाजूची बोळ आणि मागची गल्ली. धीरजने आणलेला कॅमेरा नव्या पद्धतीचा, घरातल्या नेटवर चालणारा. रेकॉर्डर दोन्ही जातींचे कॅमेरे घेतो, पण त्याच्या खिडक्या चारच. नवा आत घ्यायचा तर जुन्यातला एक बंद करून त्याची जागा द्यायची. नवा नुसता फोनवर ठेवायला धीरज तयार नव्हता. "बाबांची चित्रं कुठल्या तरी कंपनीकडे जाणार, ते नको. घरातलं घरात राहू दे," हे त्याचं म्हणणं मला पटलं होतं.

"मग कुठला उडवायचा?" सत्यजितने शिडीवरून विचारलं.

"चौथा. पहिले तीन घरमालकाचे, त्यांना हात लावायचा नाही म्हणून त्याने बजावलंय. चौथा आधीच्या भाडेकरूने लावलेला. आणि मागच्या गल्लीत येतंय कोण? शेजारची मोरी-सान आणि तिचं कुत्रं."

"कुत्र्याला वाईट वाटेल रे."

चौथं चित्र सगळ्यात भुरकट होतं. अरुंद गल्ली, दोन कुंड्या, आणि टोकाला रेल्वेचं फाटक. फाटकाच्या वर, अगदी कोपऱ्यात, मधूनमधून गाडीचे डबे सरकत जायचे. मी कधी त्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

बाबा मात्र दिवसभर त्या पडद्यासमोर बसत. ओठ हलत राहत आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर उचलत, टेकत. मी समजत होते, नामस्मरण चाललंय. आयुष्यभर शनिवारच्या नारळापुरता देव मानणारा माणूस उतारवयात जपाला लागला, याचं मला फार बरं वाटायचं. मी पाय न वाजवता चहा ठेवून यायचे. आर्यालाही सांगून ठेवलं होतं, आजोबा देवाचं नाव घेतात, मध्ये बोलायचं नाही. थकून गेलेल्या दिवशी ते हलणारे ओठ पाहिले की वाटायचं, घरात जप करणारी मी एकटी नाही.

धीरजने माऊस फिरवला. चौथी खिडकी काळी झाली. थोड्या वेळाने तिथे नवं, रंगीत, लख्ख चित्र आलं. वरून दिसणारी खोली, अंथरूण, बुटकी खुर्ची आणि खुर्चीत पाठमोरं टक्कल.

बाबा पुढे वाकले. "हा कोण?"

"काका, हिरो तुम्हीच," सत्यजित म्हणाला.

"मी इथे आहे. हा तिथे बसलाय, पाठ करून." बाबांनी बोट पडद्याला लावलं. "ह्याला ड्यूटीवर कोणी बसवलं? आणि गल्ली कुठे गेली?"

"गल्ली आहे तिथेच आहे, बाबा," धीरज म्हणाला. "फक्त इथून दिसणार नाही आता."

"दिसणार नाही," बाबा म्हणाले. सत्यजितने खिचडीची दुसरी वाटी मागितली आणि तो विषय तिथेच राहिला.

नव्या कॅमेऱ्यात एक सोय होती. धीरजने बाबांच्या दारात, पडद्यावरच, एक रेघ मारली. बाबांनी रेघ ओलांडली की माझ्या आणि त्याच्या फोनवर वाजायचं. सोमवारपासून वाजायला लागलं. बाथरूमला उठले की वाजे. पाणी मागायला आले की वाजे. पूर्वी तासन्‌तास न हलणारे बाबा आता सारखे उठत होते. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत.

"देवधर, चार नंबरचं वर कळवलं का?"

देवधर कोण, मला ठाऊक नव्हतं. धीरज म्हणाला, दौंडचा कोणीतरी असेल. माणसाने विचारलं तर उत्तर द्यावं, म्हणून मी म्हणायचे, "कळवलं, बाबा."

"मग माणूस का येत नाही?"

"येईल."

ते परत जात आणि फोन पुन्हा वाजे.

माझे नेम मी मोजकेच ठेवले आहेत. सकाळी एक अध्याय. बाबांनी घास घेतल्याशिवाय आपण जेवायचं नाही. संध्याकाळी दिवा लावला की स्तोत्र संपेपर्यंत बोलायचं नाही. या परक्या गावात दिवसाला धरून ठेवायला मला तेवढं पुरतं. पण त्या आठवड्यात पोथीची एकच ओवी मी दोनदा, तीनदा वाचत होते. मंगळवारी तर पोथीवरच डोळा लागला. जाग आली ती फोनच्या आवाजाने.

"फोन देवाजवळच ठेवत जा ना," धीरज म्हणाला.

"तिथे नको रे."

"देवाला काय, तो सायलेंटवर चालेल."

त्याचं हसू दमलेलं होतं, म्हणून मीही हसले. फोन देवाजवळ ठेवायला लागले.

बुधवारपर्यंत आम्हां दोघांनाही त्या आवाजाची सवय झाली. गुरुवारी संध्याकाळी मी दिवा लावला. ऑक्टोबर संपत आला होता, लवकर अंधारायचं. आर्या शेजारी चित्र काढत बसली होती. स्तोत्राला सुरुवात केली आणि फोन थरथरला. मी डोळे उघडले नाहीत. पाणी प्यायला उठले असतील. पुन्हा थरथरला. मग धीरजचा फोन आला, थरथरून बंद झाला, परत आला. मी स्तोत्र अर्ध्यात सोडलं आणि फोन घेतला.

"अगं, किती वेळ करतोय! बाबा खोलीत नाहीत. देव काय पळून जाणार होता का?"

मी उठून खोलीत गेले. खुर्ची रिकामी, पडद्यावरच्या चौथ्या खिडकीतही तीच रिकामी खुर्ची, आणि तिच्यामागे उभी मी.

"नाहीत," मी म्हणाले.

"थांब, बाकीचे तीन बघतो." तो ऑफिसातून फोनवर रेकॉर्डरची चित्रं मागे नेत होता. "पुढच्या दाराने नाही गेलेले. गाडीकडे नाहीत. बोळीत नाहीत. सुलेखा, ते घरातच आहेत. वर बघ, कपाटं बघ."

मी वरच्या खोल्या पाहिल्या. अंथरुणांचं कपाट उघडलं. न्हाणीघर, माळा. आर्या माझ्यामागून प्रत्येक दार लावत येत होती. खाली आले तेव्हा स्वयंपाकघरात पायांना गार वारा लागला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. मागची गल्ली. जी आता कोणत्याच खिडकीत नव्हती.

टोकाला फाटकाची घंटा वाजायला लागली.

मी आर्याचा हात धरून, अनवाणीच धावले. गल्ली दोनच दिव्यांची आहे. मला पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त लाल दिवे आळीपाळीने लागत होते. तोंडातून काय येत होतं ते मला माहीत नाही. राहिलेलं स्तोत्र असेल किंवा नुसतंच बाबा, बाबा.

गाडी गेली. फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, बाबा ताठ उभे होते. अंगात स्वेटर, पायात घरातल्या चपला, हातात आर्याची खेळण्यातली विजेरी. तिचा हिरवा उजेड त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्याकडे धरला होता. त्यांच्या शेजारी दोन पावलं मागे मोरी-सान उभी होती, कुत्र्याची दोरी आखूड धरून. मला बघून तिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि हळू आवाजात बरंच काही सांगितलं. मला त्यातलं "दाइजोबु" तेवढं कळलं, म्हणजे सगळं ठीक आहे.

"काय म्हणते गं?"

आर्या आधी जपानीत उत्तरली, मग माझ्याकडे बघून मराठीत आली. "आजोबांनी तिला इथे मागे थांबायला सांगितलं. म्हणून ती थांबली. तिने आजोबांना एकटं नाही सोडलं. आणि कुत्रा पण थांबला."

"आजोबांचं तिला कळलं?"

"हाताने सांगितलं. आजोबा एकिइन-सान आहेत ना." म्हणजे स्टेशनवरचा माणूस. आर्या हे इतक्या सहज म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिले. "रोज गाड्या बघतात ना ते टीव्हीत. ही गेली, ती आली, असं म्हणतात. मी दाराबाहेरून ऐकते."

"तो जप असतो गं."

"नाही," आर्या म्हणाली. "गाड्या असतात. मला वाटलं, तुला माहितीये."

मी बाबांचा हात धरला. हात गार पडला होता. "चला बाबा, घरी."

"हलता येणार नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चार नंबर अंधारात आहे. पॅनलवर दिसत नसेल तर माणूस पाठवून डोळ्यांनी बघायचं. चार दिवस कळवतोय, माणूस नाही. म्हणून मी आलो. आता रिलीव्हर आल्याशिवाय जागा कशी सोडू? तूच सांग, देवधर."

मला एकदम बसावंसं वाटलं, तिथेच, रस्त्यावर. त्यांना ओढून नेण्याची माझ्यात ताकद नव्हती. रडण्याचीही नव्हती. मोरी-सानचा कुत्रा माझ्या अनवाणी पायाला हुंगत होता.

"मी आलेय ना," मी म्हणाले. "रिलीव्हला. चार्ज द्या."

बाबांनी मान वळवली. कित्येक महिन्यांत त्यांनी माझ्याकडे असं नीट पाहिलं नव्हतं. डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं आणि अनवाणी पायांशी थबकले. "पायात काही घालून येत जा. लाईनीत खडी असते." मग आवाज बदलला. "अप लाईन मोकळी. डाऊनला गाडी येईल. फाटक ठीक आहे. बाहेरची एक बाई आणि जनावर फाटकापाशी आहे, शिस्तीत आहेत. चार नंबर बंद. घेतला?"

"घेतला."

"पूर्ण म्हण."

मी पूर्ण म्हटलं. अप मोकळी, डाऊनला गाडी, फाटक ठीक, एक बाई, एक जनावर. शेवटी चार नंबर बंद. त्यांनी विजेरी माझ्या हातात दिली आणि घराकडे चालायला लागले, रोजच्या वाटेने जावं तसे. आर्या त्यांच्या पुढे गेली. मी मोरी-सानला वाकून नमस्कार केला. वर उठायला मला वेळ लागला.

धीरज आला तेव्हा बाबा गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. त्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घेतलं.

"फाटकाशी, सुलेखा. फाटकाशी! मी आज तिकीट बघतो. कादंबरीशी बोललोय."

"बघ," मी म्हणाले. "पण त्याआधी चौथा कॅमेरा परत लाव."

"काय? म्हणजे आत्ता निदान खोली दिसतेय, तीही..."

"खोली दिसून काय झालं? ते गेले तेव्हा आपल्याला रिकामी खुर्ची दिसली."

मी आवाज चढवत नाही. मला जमत नाही. डाळीला फोडणी देता देता मी त्याला सगळं सांगितलं. आपण म्हणत होतो ते टीव्ही बघतात. मी समजत होते ते जप करतात. ते ड्यूटीवर होते. उन्हाळ्यात एकदा गेले, तेव्हा ते पडद्यासमोर बसत नव्हते. त्यानंतर तो पडदा त्यांना सापडला आणि रविवारपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत, आठवून बघ. आपण त्यांची गल्ली काढली आणि तिथे त्यांचीच पाठ लावली. रिलीव्हर आल्याशिवाय ते जागा सोडत नाहीत, धीरज. तुझी ती रेघ त्यांना अडवत नाही. ही गोष्ट अडवते.

"आणि एखाद्या दिवशी ही गोष्टही विसरले तर?"

"मग तिकीट काढ," मी म्हणाले. "मी नाही म्हणणार नाही. मीही दमलेय रे. पण आज ते आपल्या चुकीने गेले. त्यासाठी त्यांना पाठवू नकोस."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. डाळ उतू आली, त्यानेच गॅस बारीक केला. "मागच्या दाराचं काय?" शेवटी त्याने विचारलं.

"देवघरात एक जास्तीची घंटा आहे. ती बांधते. आणि वर कडी बसव, त्यांचा हात पोचणार नाही अशी."

"नवा कॅमेरा परत घेणार नाहीत ते दुकानवाले."

"नको घेऊ देत."

"आठ दिवस," धीरज म्हणाला. "आठ दिवस बघू."

जेवणाआधी त्याने माऊस फिरवला. खुर्चीतला पाठमोरा माणूस गेला. काही वेळ काळोख, मग ती भुरकट गल्ली, दोन कुंड्या, फाटक. बाबा खुर्चीत येऊन बसले. कोपऱ्यातून उजेडाची एक माळ सरकत गेली आणि त्यांचं बोट गुडघ्यावरून उचललं, टेकलं. त्या दिवसाचं अर्धं स्तोत्र मी त्यानंतर पुरं केलं. दिव्यात तेल घालावं लागलं.

आता माझ्या नेमांत एकाची भर पडली आहे. दिवा लावायच्या आधी मी बाबांच्या खोलीत जाते, उभी राहते आणि चार्ज घेते. पूर्ण म्हणावं लागतं, अर्ध्यावर चालत नाही. मग ते उठतात, हातपाय धुतात, चार घास खातात आणि आडवे होतात. पण त्यांचा डोळा लागेपर्यंत पडद्यासमोरची जागा मोकळी ठेवता येत नाही. रिकामी खुर्ची दिसली तर ते परत येऊन बसतात. म्हणून दिवा, स्तोत्र आटपून मी माळ घेऊन त्या बुटक्या खुर्चीत बसते. एका हाताने मणी ओढते, डोळे फाटकावर. गाडी गेली की मणी चुकतो. नाम आणि गाड्या यांची सरमिसळ होते, आणि कुठलं आधी सुटलं ते मला सांगता येत नाही. पूर्वी याचं वाईट वाटलं असतं. आता वाईट वाटण्याइतकं काही शिल्लकच नसतं दिवसाच्या शेवटी.

परवा बाबा अंथरुणातून म्हणाले, "देवधर, तुझा रिलीव्हर कधी येतो?"

"येईल," मी म्हणाले.

"येईल येईल म्हणतोस रोज. कळव वर."

आठ दिवस कालच सरले. धीरजने तिकिटाचं काही काढलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी मी खुर्चीत होते, तेव्हा तो ऑफिसातून आला. बूट काढल्याचा आवाज आला, बॅग ठेवल्याचा आला, मग खोलीच्या दारात येऊन टाय सैल करत उभा राहिला. मी जेवले नव्हते, ते माझ्या तोंडावर दिसत असावं. बाबांनी चार घास खाल्ले होते, तेव्हा नेम मोडत नव्हता. नुसतं उठवत नव्हतं.

"जा, जेवून घे," तो म्हणाला. "मी बसतो जरा."

मी उठायला लागले.

"असं नाही," अंथरुणातून आवाज आला. आम्हांला वाटलं होतं ते झोपलेत. "चार्ज न घेता बसतोस? नवीन आहेस का?"

धीरज माझ्याकडे बघायला लागला. मी खुर्चीच्या बाजूला उभी राहिले आणि सांगितलं. अप मोकळी, डाऊनला गाडी येईल, फाटक ठीक, चार नंबर चालू.

"घेतला," धीरज म्हणाला.

"पूर्ण म्हण," बाबा म्हणाले.

तो हसला नाही. पडद्याकडे बघत, एकेक शब्द शोधत म्हणायला लागला. "अप मोकळी. डाऊनला गाडी... डाऊन म्हणजे कुठली बाजू, बाबा?"

"उजवी," बाबा म्हणाले. "शिकशील."

मी माळ गळ्यात घातली आणि स्वयंपाकघरात आले. भात गार झाला होता. तो गरम करायला न ठेवता मी पाटावर बसले, आणि पानात काही वाढून घेण्याआधी थोडा वेळ तशीच बसून राहिले.